दिव्याखाली नोट अंधारीच हवी

पाचशेची नोट हातात आली की गल्ल्यावरचा माणूस ती जांभळ्या दिव्याखाली एकदा सरकवतो, मान डोलावतो आणि ड्रॉवरमध्ये टाकतो. काय बघितलंत असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘चमकतंय का ते बघितलं.’ उत्तर अपुरं आहे आणि माणूस फसतो तो इथेच. चमक आणणं आज फारसं अवघड राहिलेलं नाही. टोपणाला बारीक दिवा लावलेली अदृश्य शाईची पेनं मुलांच्या स्टेशनरीतही मिळतात. अवघड आहे ते न चमकणं. खऱ्या नोटेचा कागद दिव्याखाली मंद, काळपट, जवळजवळ विझल्यासारखा दिसतो, आणि हीच तिची पहिली खूण. त्या अंधारात ज्या मोजक्या जागा उजळतात, त्यांचा विचार नंतर.

याचं कारण आपल्या कपड्यांच्या बादलीत सापडतं. पांढरे सदरे अधिक पांढरे दिसावेत म्हणून आधी नीळ होती, मग रानीपाल, टिनोपॉल आले, आणि आता तोच माल डिटर्जंटच्या पुड्यातच मिसळलेला येतो. ही द्रव्यं अतिनील (यूव्ही) प्रकाश शोषतात आणि तीच ऊर्जा निळसर प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात, त्यामुळे पिवळट पडलेला कपडा डोळ्यांना शुभ्र वाटतो. कागदाच्या गिरण्याही हेच करतात. झेरॉक्सचा कागद, वह्या, लग्नपत्रिका, पाकिटं या सगळ्यांत ही पांढरेपणाची भर असते आणि दिव्याखाली हे कागद निळे-पांढरे पेटतात. नोटेच्या कागदात मात्र ती मुद्दाम घातलेली नसते. आपल्याकडे हा कागद पूर्णपणे कापसाचा असतो. तो तयार करतानाच अशी चमकणारी द्रव्यं लगद्यात येणार नाहीत याची काळजी घेतात. साध्या कागदावर कितीही सुबक छापलं तरी दिव्याखाली तो पाठीमागून बोंब मारतोच.

आता दिव्याबद्दल. नोटेपेक्षा दिवाच जास्त वेळा खोटा निघतो, असं माझं मत आहे.

अतिनील प्रकाश आपल्याला दिसत नाही. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. डोळ्यांना दिसणारा जांभळा साधारण ४०० नॅनोमीटरच्या आसपास सुरू होतो, त्याच्या खालचं सगळं अतिनील. नोटा तपासायला लागतो तो ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश. बाजारात स्वस्तात मिळणारे ‘यूव्ही टॉर्च’ बहुतेक ३९५ चे असतात. तीस नॅनोमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, नोटेवर नाही. ३९५ चा दिवा बराचसा दिसणारा जांभळा प्रकाशच टाकतो. नोटेवर जांभळा डाग पडतो, तो परत डोळ्यांत येतो आणि त्या उजेडात मंद चमकणाऱ्या खुणा बुडून जातात. वर दुकानदाराला वाटतं की सगळीच नोट चमकतेय. त्यातून खरी नोट परत केली जाते किंवा खोटी घेतली जाते, आणि दोन्हीचा दोष नोटेवर जातो.

हातातला दिवा कोणता आहे हे ओळखायची सोपी रीत म्हणजे टॉनिक वॉटर. त्यात क्विनाइन हे कडू द्रव्य असतं. ग्लासभर टॉनिक वॉटरवर ३६५ चा प्रकाश टाकला की ते आतून निळं उजळतं. ३९५ च्या प्रकाशात तेच पाणी जेमतेम चमकतं, कारण क्विनाइन ज्या पट्ट्यातला प्रकाश शोषतं तो तोवर जवळजवळ संपलेला असतो. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली या परिणामाचं शास्त्र मांडलं तेही क्विनाइनच्याच द्रावणावर. कमी तरंगलांबीचा प्रकाश आत जातो, जास्त तरंगलांबीचा बाहेर येतो, आणि मधला फरक उष्णतेत जातो. नोटेवरची प्रत्येक चमक याच हिशोबावर चालते. (हेच टॉर्च रात्री कोकणात जांभ्याच्या गडग्यावर फिरवलं तर विंचू हिरवट-निळा पेटतो. त्या कामाला ३९५ चा दिवाही पुरतो. विंचवाची कात नोटेपेक्षा कितीतरी उदार आहे.)

३६५ च्या चांगल्या टॉर्चच्या तोंडाशी काळी काच असते. ती दिसणारा उरलासुरला प्रकाश अडवते आणि अतिनील सोडते. अशी काच रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवली, त्यात निकेलचं ऑक्साइड होतं. काच नसलेला ३६५ चा एलईडीही थोडा फिकट निळसर उजेड टाकतो. काम भागतं, पण बारीक तंतू बघायचे असतील तर काळी काच असलेला दिवाच घ्यावा.

जुन्या डबा यंत्रांत एलईडी नसते, बोटाएवढी बारीक ट्यूब असते. ती साधारण चार वॅटची, जेमतेम १४ सेंटिमीटर लांब, आणि बंद असताना काळी-जांभळी दिसते. ही ट्यूब गेली की इलेक्ट्रिकच्या दुकानातून ‘तशीच’ दुसरी आणली जाते आणि घोटाळा तिथेच होतो. डास-माश्या मारायच्या यंत्रातली ट्यूबही त्याच मापाची मिळते. तिच्या आतली पावडर अतिनील प्रकाशच देते, पण काच साधी पांढरी असल्याने भरपूर निळसर उजेडही सोबत येतो. बसते बरोबर, पेटते बरोबर, आणि नोट तपासायला निरुपयोगी. ओळख सोपी आहे. बंद ट्यूब पांढरी दिसली तर ती किड्यांची, काळपट दिसली तर नोटांची. काळी ट्यूबही कायमची नसते. पेटत राहते, जांभळी दिसत राहते, पण आतल्या पावडरीचा जोर उतरत जातो. दिसणारा जांभळा रंग तसाच असल्याने हे कुणाच्या लक्षात येत नाही. दर काही महिन्यांनी तीच ओळखीची नोट आणि तोच झेरॉक्सचा कागद खाली धरून बघावा. कागदाचा निळा रंग फिका पडायला लागला की ट्यूब बदलायची. ट्यूबवरची धूळ आणि उदबत्तीचं काजळ कोरड्या फडक्याने पुसलं तरी पुष्कळ फरक पडतो. गल्ल्याशेजारी देव्हारा असेल तर हे जास्तच.

एक इशारा इथेच. कोविडच्या काळात मोबाइल आणि भाजी निर्जंतुक करायला म्हणून २५४ नॅनोमीटरचे दिवे घरोघरी आले. त्या दिव्याखाली नोट धरायच्या फंदात पडू नये. तो डोळ्यांच्या बुबुळाला आणि कातडीला भाजतो आणि त्रास काही तासांनी कळतो. ३६५ चा दिवा तेवढा घातक नाही, तरी त्यातही डोकावून बघायचं नाही. प्रकाश दिसत नसल्यामुळे बाहुली आकुंचन पावत नाही आणि डोळ्यात जास्त जातो. शिवाय डोळ्याचं भिंग स्वतःच थोडं चमकतं आणि समोर धुकं आल्यासारखं होतं. ते धुकं दिसलं तर समजावं की दिव्याचा कोन चुकलाय.

बघायची पद्धत अशी. नोट काळ्या कापडावर किंवा काळ्या माउंट बोर्डावर सपाट ठेवायची. पांढऱ्या काउंटरवर, पावती पुस्तकावर किंवा वर्तमानपत्राच्या पुरवणीवर ठेवली तर खालचा कागद पेटतो आणि त्याचा निळा उजेड नोटेच्या कडांवर येतो. दिवा दहा-पंधरा सेंटिमीटरवर धरायचा. वरची ट्यूबलाइट बंद करता येत नसेल तर निदान तळहाताचा आडोसा करायचा. भर दुपारी रस्त्यावरच्या गाडीवर हा दिवा धरून काही कळत नाही. तिथे नोट हाताने चाचपणं आणि तिरकी करून बघणं हेच खरं. आणि शेजारी त्याच किमतीची, त्याच मालिकेची एक खात्रीची नोट ठेवायची. बँकेतून आलेल्या गड्डीतली एक नोट कायम यासाठी बाजूला ठेवली तर उत्तम. एकट्या नोटेकडे बघून ‘किती मंद म्हणजे मंद’ हे ठरवता येत नाही. दोन शेजारी ठेवल्या की क्षणात कळतं.

कागद अंधारा आहे हे पटलं की मग उजळणाऱ्या जागांकडे वळायचं. इथे भारतीय नोट जरा साधी आहे, युरोपच्या नोटेसारखा देखावा ती दाखवत नाही. १९९६ पासूनच्या महात्मा गांधी मालिकेत बघायच्या जागा मुख्यतः तीन: आकड्यांची पट्टी (म्हणजे नोटेचा क्रमांक), कागदातले तंतू आणि सुरक्षा धागा. या तिन्ही गोष्टी नोटेत तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर येतात. नोट बनते कशी हे माहीत असेल तर दिव्याखालचं चित्र वाचता येतं.

तंतू सगळ्यांत आधी येतात. कागद बनताना, लगदा पातळ असतानाच ते त्यात सोडलेले असतात. धागाही कागद तयार होत असतानाच आत ओढला जातो, आणि जलचिन्हही (वॉटरमार्क) तिथेच उमटतं. असा कागद नर्मदेकाठच्या होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, आणि अलीकडे म्हैसूरला तयार होतो. मग तो छापखान्यात जातो. देशात असे छापखाने चार: नाशिक रोड, देवास, म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधलं सालबोनी. नाशिकचा त्यातला सगळ्यांत जुना. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे नोटा छापायला सुरुवात झाली. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून छापून बोटीने येत. छापखान्यात आधी पार्श्वभूमीची नक्षी दोन्ही बाजूंना छापली जाते, मग मोठ्या किमतीच्या नोटांवर खोलगट कोरलेल्या प्लेटने जाड शाईची उठावदार छपाई होते. आकडे येतात ते जवळपास शेवटी, मोठ्या कागदाचे तुकडे करण्यापूर्वी.

म्हणून तंतू खरे असतील तर ते काही ठिकाणी छपाईच्या खाली गेलेले दिसले पाहिजेत. ही माझी सगळ्यांत आवडती तपासणी आहे आणि तिला फक्त एक साधं भिंग जास्त लागतं. दिव्याखाली नोट धरून एखादा चमकणारा तंतू पकडायचा आणि त्याच्या टोकापर्यंत नजर न्यायची. खरा तंतू सबंध लांबीभर सारखा उजळ नसतो. तो कागदात बुडालेला असतो, एके ठिकाणी पृष्ठभागाजवळ येऊन झगझगतो, पुढे आत शिरून फिका होतो. त्यावरून जाड शाईची रेघ गेली असेल तर तिथे तो तुटल्यासारखा दिसतो आणि रेघेच्या पलीकडे पुन्हा सुरू होतो. काही तंतू फक्त पुढून दिसतात, काही फक्त मागून. एखादा नोटेच्या कडेला अर्धाच असतो, कारण कागद कापताना तोही कापला गेला. नक्कल करणारे तंतू छापतात. छापलेला तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, शाईच्या वरून जाणारा. दोन संशयास्पद नोटा हातात असतील तर काम आणखी सोपं. लगद्यात सोडलेले तंतू कुठे पडतील ते कुणाच्या हातात नसतं, त्यामुळे दोन खऱ्या नोटांत त्यांची मांडणी एकसारखी यायची नाही. दोन्ही नोटांत तोच तंतू त्याच जागी, त्याच कोनात सापडला तर पुढे काही बघायची गरज उरत नाही. २००५ सालच्या सुधारित नोटांपासून हे तंतू दुरंगी केले गेले, तोही फरक भिंगाखाली दिसतो.

धाग्याचं प्रकरण मालिकेनुसार बदलतं, इथे सावध राहायला हवं. २००५ च्या नोटांत दहा, वीस आणि पन्नासचा धागा चंदेरी आणि पुढच्या बाजूने खिडक्या-खिडक्यांनी दिसणारा आहे. दिव्याखाली तो दोन्ही बाजूंनी पिवळा चमकतो. शंभर आणि पाचशेच्या धाग्याचा रंग नोट तिरकी केली की हिरव्याचा निळा होतो. दिव्याखाली हा धागा मागच्या बाजूने पिवळा उजळतो, तर पुढच्या बाजूने त्यावरची अक्षरं चमकतात, म्हणजे ‘भारत’ आणि ‘आरबीआय’. नोट उलटी करून बघण्यात खरी गंमत आहे. दिवसाच्या उजेडात मागून धागा दिसतच नाही, तो पूर्ण कागदात आहे. दिवा लावला की त्याच जागी वरपासून खालपर्यंत सरळ पिवळी रेघ उमटते. कागदावर वरून चिकटवलेली चंदेरी पट्टी हे करू शकत नाही. पुढून ती बरी दिसते, मागून काहीच दाखवत नाही. मागे वेगळी रेघ छापलेली असेल तर ती पुढच्या धाग्याशी किंचित हुकते. नोट उजेडासमोर धरली की ते हुकणं स्पष्ट होतं.

२००५ च्या आधीच्या नोटांच्या मागे छपाईचं वर्ष नसतं. त्या २०१४ पासून चलनातून काढायला सुरुवात झाली, पण घरात कुठल्या डब्यात एखादी सापडतेच. तिचा धागा नव्या नोटेसारखा वागला नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. मालिका बघा, मग धागा. २०१६ पासूनच्या नव्या मालिकेलाही हेच लागू. करड्या पाचशेची तुलना करड्या पाचशेशीच करायची, वेरूळच्या लेण्यांचं चित्र असलेल्या पिवळट-हिरव्या वीसची जुन्या तांबूस वीसशी नाही.

आकड्यांची पट्टी चमकणाऱ्या शाईने छापलेली असते. ती नुसती चमकते की नाही एवढंच बघू नये, आकडे बसलेत कसे तेही बघावं. नव्या नोटांवर आकडे डावीकडून उजवीकडे लहानाचे मोठे होत जातात. नक्कल करताना ही वाढ सम ठेवणं जमत नाही, एखादा आकडा मध्येच ठेंगणा राहतो. दोन्ही पट्ट्यांतला क्रमांक एकच हवा आणि दोन्हीकडची चमक एकसारखी हवी. क्रमांकात तारा दिसला तर दचकू नका. छापताना खराब झालेल्या नोटेऐवजी घातलेली ती खरीच नोट असते.

इथवर सगळं सरळ आहे. खरा त्रास देतात त्या खऱ्या पण बिघडलेल्या नोटा, आणि आपल्याकडे त्यांचं प्रमाण भलतंच आहे.

पहिला नंबर धुतलेल्या नोटेचा. पँटच्या खिशात राहून वॉशिंग मशिनमधून निघालेली नोट दिव्याखाली निळी पेटते, अगदी झेरॉक्सच्या कागदासारखी. डिटर्जंटमधली पांढरेपणाची द्रव्यं कापसाच्या धाग्याला घट्ट चिकटावीत अशीच बनवलेली असतात, आणि नोट कापसाचीच. सदरा आणि नोट यांत ती फरक करत नाहीत. अशी नोट ओळखायची ती चमकेच्या ठेवणीवरून. धुतलेल्या नोटेची निळी चमक ढगाळ असते, घड्यांपाशी जास्त, जाड शाईच्या भागात कमी. साध्या कागदाची चमक सगळीकडे सपाट असते. मग धागा मागून बघा, तंतू बघा, जलचिन्ह उजेडासमोर धरून बघा. ती सगळी जागच्या जागी असतील तर नोट खरी आहे. फार खराब झाली असेल तर बँकेत बदलून घ्या.

दुसरा नंबर हळदीचा. देवळाच्या दानपेटीतून आलेल्या, ओटीत ठेवलेल्या, किराणा दुकानाच्या गल्ल्यात फिरलेल्या नोटा. हळदीतलं कर्क्युमिन अतिनील प्रकाशात पिवळं-हिरवट चमकतं, तेलाचा हात लागलेला असेल तर आणखीच. धागाही पिवळा चमकतो, त्यामुळे डाग नेमका धाग्याजवळ असला की घोळ होतो. फरक कडांचा आहे. धाग्याच्या कडा सरळ आणि धारदार असतात, हळदीचा डाग कडांना विरघळत जातो. हायलायटर पेनचा फराटा मात्र धारदार असतो आणि झगझगीत हिरवा पेटतो. बँकेच्या गड्डीवर किंवा हिशोबाच्या कागदावर मारताना तो नोटेला लागलेला असतो. काही पारदर्शक चिकटपट्ट्याही चमकतात, फाटकी नोट सांधलेली असेल तर तेवढी पट्टी उजळते.

उलट बाजूही आहे. घाम, तेल आणि धूळ खाऊन मळलेली दहाची नोट इतकी काळवंडलेली असते की तिचे तंतू आणि आकडे नीट चमकतच नाहीत. मळ अतिनील प्रकाश आधीच गिळून टाकतो. अशा नोटेवर ‘चमकत नाही’ हा निकाल लावणं अन्यायाचं आहे. तशीही दहाची खोटी नोट बनवायला कोण बसलंय!

नोटा मोजायच्या यंत्रात हेच काम एक छोटा प्रकाश-संवेदक करतो. नोट धावत जाताना तिच्या कागदाची निळी चमक ठरावीक मर्यादेच्या वर गेली की यंत्र थांबून बीप देतं. त्याला हळद, डिटर्जंट आणि झेरॉक्सचा कागद यांतला फरक कळत नाही, कळतो तो फक्त किती उजेड आला एवढाच. संवेदकावर नोटांची बारीक धूळ बसली की तो आंधळा होतो आणि मग सगळंच पास करतो. संवेदनशीलता फार वाढवली तर दर गड्डीत दोन-तीनदा थांबतो. वैतागून कुणीतरी अतिनीलची तपासणीच बंद करून ठेवतं आणि मग यंत्र फक्त मोजायचं उरतं. रोज सकाळी संवेदकाची काच मऊ ब्रशने साफ करणं आणि एक झेरॉक्सचा तुकडा नोटेच्या मापाने कापून गड्डीत घालून यंत्र थांबतं का ते बघणं, या दोन गोष्टींना दोन मिनिटं लागतात. चांगल्या यंत्रांत चुंबकीय आणि अवरक्त (इन्फ्रारेड) तपासण्याही असतात. विकत घेताना किती नोटा मिनिटाला मोजतं हे विचारण्याआधी त्या विचाराव्यात.

परदेशी नोटा हाताळणाऱ्यांसाठी थोडं. युरोची नोट दिव्याखाली खरोखर देखणी होते. २००२ च्या पहिल्या मालिकेत निळा झेंडा हिरवा होतो, त्यातले तारे नारिंगी होतात, आणि मागचा पूल आणि नकाशा उजळतात. नव्या मालिकेत कागदातला प्रत्येक तंतू तीन रंगांचा आहे. २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात याच नोटा वेगळे रंग आणि युरोचं चिन्हही दाखवतात, पण ते यंत्रांवर सोडावं. युरोतला लाल रंग युरोपियम या मूलद्रव्याच्या संयुगातून येतो, हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या दोन संशोधकांनी नोट बाजारात आली त्याच वर्षी त्या प्रकाशाचा वर्णपट तपासून दाखवलं. युरोपियमची लाल रेघ वर्णपटात इतकी बारीक आणि नेमकी असते की तिची ओळख चुकत नाही. युरोत युरोपियम घालणाऱ्याची विनोदबुद्धी जागेवर होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

ब्रिटनची पाच पौंडाची प्लास्टिकची नोट दिव्याखाली लाल आणि हिरव्या रंगात ‘५’ चा आकडा दाखवते, बाकी सगळी अंधारी. डॉलरचा धागा किमतीनुसार रंग बदलतो: पाचचा निळा, दहाचा नारिंगी, वीसचा हिरवा, पन्नासचा पिवळा, शंभरचा गुलाबी. एक आणि दोन डॉलरच्या नोटांत धागाच नाही, म्हणून त्या चमकल्या नाहीत तर रुसू नये. डॉलरच्या धाग्यांना वेगवेगळे रंग दिले हे किती शहाणपणाचं होतं ते नंतर कळलं. खऱ्या पाच डॉलरच्या नोटेवरची शाई उडवून त्यावर शंभरची छपाई करण्याचे प्रकार झाले. कागद खराच, त्यामुळे दिव्याखाली व्यवस्थित अंधारा. धागा मात्र गुलाबीऐवजी निळा पेटतो, आणि जागाही चुकलेली. म्हणजे अंधार ही पहिली पायरी आहे, निकाल नव्हे.

आपल्याकडेही फक्त दिव्यावर विसंबून कुणाची नोट खोटी ठरवू नये. आधी बोटं, मग उजेड, मग तिरकी करून धाग्याचा रंग, आणि दिवा त्यानंतर. शंभर आणि वरच्या नोटांवर गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभ बोटांना उठावदार लागतो. कोऱ्या नोटेवर हे इतकं स्पष्ट असतं की दिव्याची वेळच येऊ नये.

आणि तरीही शंका राहिली तर नोट पुढे ढकलायची नाही. खोटी आहे हे माहीत असून ती खरी म्हणून चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली गुन्हा आहे. बँकेत नेली आणि ती खोटी निघाली तर बँक ती परत देत नाही, फाडतही नाही. तिच्यावर खोटी नोट जप्त केल्याचा पाच बाय पाच सेंटिमीटरचा शिक्का मारते, नोंदवहीत नोंद करते आणि पावती देते. पावतीवर तुम्ही सही करायला तयार नसलात तरी ती द्यायचीच असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून ती मागून घ्यावी. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर बँक महिन्याअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल पाठवते, पाच किंवा जास्त निघाल्या तर लगेच गुन्हा नोंदवायला जाते. खात्यात त्या रकमेची जमा होत नाही. गड्डी भरायला जाण्यापूर्वी घरीच काळं कापड पसरून बसायचं कारण एवढंच.